तिकिटांच्या छापखान्यातला चांद्रवेडा

जुन्या घरातली माळ्यावरची ट्रंक उघडली की तळाशी कधी कधी पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातली पत्रे सापडतात. आतला मोडी मजकूर घरात कुणालाच लागत नाही. पण पाकिटाच्या कोपऱ्यातले अर्ध्या आण्याचे निळे तिकीट आणि त्यावरचा व्हिक्टोरिया राणीचा चेहरा लहान मुलेसुद्धा ओळखतात. घरात कुणाला तिकिटे जमवण्याचा नाद असला, तर ते तिकीट वाफेवर धरून अलगद सोडवले जाते आणि वहीत जाऊन बसते. ते छापले कुठे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

ते छापले लंडनमध्ये. साऱ्या हिंदुस्थानासाठीची पहिली तिकिटे १८५४ साली कलकत्त्यात निघाली खरी. पण पुढच्याच वर्षापासून हे काम लंडनच्या 'डे ला रू' कंपनीकडे जाऊ लागले. १९२५ साली नाशिक रोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि तिथून तिकिटे निघू लागली, तोवर सुमारे सत्तर वर्षे आपली तिकिटे या एकाच घराण्याच्या कारखान्यातून बोटीने येत होती.

या घराण्याचा थोरला मुलगा वॉरन डे ला रू हा आजच्या लेखाचा नायक. दिवसा तो पत्ते, पाकिटे, शाई आणि तिकिटे यांच्या व्यापात असे, आणि रात्री आभाळ मोकळे असेल तर घराच्या आवारात दुर्बीण लावून चंद्राचे फोटो काढत असे. फोटोग्राफीच तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. हा माणूस खगोलशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, कुठल्या वेधशाळेचा नोकर नव्हता. दुकान बंद झाल्यावर उरलेला वेळ तेवढा त्याचा.

चंद्राचे आणि ग्रहांचे फोटो काढणे हा छंद आता काही विरळा राहिलेला नाही. वांगणीच्या माळावर रात्र जागवणाऱ्या मंडळींत किंवा पुण्याच्या, १९४४ साली स्थापन झालेल्या, ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या सभासदांत असे छांदिष्ट हमखास भेटतात. ज्यांनी कधी रोलच्या साध्या कॅमेऱ्याने कोजागरीचा चंद्र टिपून पाहिला असेल, त्यांना काय हाती लागते हे ठाऊक आहे. काळ्या कागदावर एक पांढरा ठिपका! आता दुर्बिणीच्या डोळ्याशी मोबाइल धरला तरी विवरे दिसतात. पण ठिपक्यापासून विवरांपर्यंतची वाट कुणी तरी प्रथम, अंधारात चाचपडत, पायांखाली घातली होती.

वॉरनचा जन्म १८१५ सालचा, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या ग्वेर्नसी या लहानशा बेटावरचा. आईचे माहेरचे आडनाव वॉरन, तेच मुलाचे नाव झाले. वडील टॉमस हे मुळात छापखान्यातले कसबी कारागीर. नशीब काढायला ते लंडनला आले आणि गवताच्या टोप्या करू लागले. टोप्यांवरून कागदावर, कागदावरून खेळायच्या पत्त्यांवर अशी त्यांच्या धंद्याची चढती कमान होती. राजा-राणी-गुलाम रंगीत ठशांनी नेमके छापण्याची रीत टॉमस यांनी बसवली आणि डे ला रूचे पत्ते घरोघर पोचले.

मुलाला त्यांनी शिकायला पॅरिसला पाठवले. परत आल्यावर तो कारखान्यात शिरला, पण गल्ल्यावर बसण्यापेक्षा यंत्रांच्या पोटात शिरणे त्याला अधिक आवडे. विजेच्या साह्याने धातूचे ठसे घडवण्याची नवी युक्ती छपाईत आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. पेनी पोस्टचा जनक रोलंड हिल याचा भाऊ एडविन, आणि वॉरन, अशा दोघांनी मिळून पाकिटे घडवणारे यंत्र केले. त्याचे पेटंट १८४५ सालचे. त्याआधी पाकिटे हातांनी दुमडली जात. या यंत्रातून ती तासाला दोन हजारांहून अधिक बाहेर पडू लागली. शाई आणि रंग हाताळता हाताळता रसायनशास्त्राची गोडी लागली, तेव्हा हॉफमनसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो चक्क शिकायला गेला. किरमिजी रंग देणाऱ्या कोचिनील किड्यावर त्याने संशोधन केले. १८५० साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. पस्तिशीतल्या कारखानदाराला हा मान थोडाथोडका नव्हता.

आकाशाचे वेड त्याला लावले ते जेम्स नॅस्मिथने. वाफेवर चालणाऱ्या घणाचा जनक म्हणून हा नॅस्मिथ प्रसिद्ध आहे. मँचेस्टरजवळ त्याचा मोठा लोखंडकामाचा कारखाना होता आणि चंद्र ही त्याची खासगी हौस होती. कारखान्याच्या कामानिमित्त वॉरन त्याच्याकडे गेला आणि दुर्बिणीच्या आरशाच्या ओतकामात अडकला. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील यांचा एक ठिसूळ, पांढरट मिश्रधातू ओतून तो घासून घासून चकचकीत करत. नॅस्मिथने वॉरनसाठी तेरा इंच व्यासाचा आरसा ओतून दिला. घासण्याचे आणि पॉलिश करण्याचे यंत्र वॉरनने स्वतः सुधारून घेतले. उत्तर लंडनमधल्या कॅननबरी भागात, राहत्या घरी, ही दहा फूट नाभीय अंतराची दुर्बीण उभी राहिली.

पहिल्याने त्याने केले ते फोटो नव्हेत, चित्रे. आणि काय चित्रे! १८५२ सालचे त्याचे शनीचे चित्र आजही जुन्या ग्रंथांतून आदराने छापले जाते. शनीची दोन तेजस्वी कडी, त्यांमधली काळी फट, आणि १८५० साली नव्यानेच ध्यानात आलेले आतले फिकट, झिरझिरीत कडे, सगळे त्यात आहे. पुढे गुरू आणि मंगळ यांचीही चित्रे त्याने काढली. रेषा नेमकी कशी छापली जाते हे जाणणाऱ्या घरातला तो मुलगा. त्याची नजर आणि हात दोन्ही तयार होते.

मग अशा माणसाने हातातली पेन्सिल ठेवून काचेच्या तुकड्यांमागे का लागावे? त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग हाच आहे. कारण त्या काचा त्याच्या डोळ्यांपेक्षा फार कमी पाहत होत्या, आणि हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

निमित्त झाले १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाचे. हाइड पार्कातल्या त्या अवाढव्य काचमहालात डे ला रू कंपनीचे पाकिटांचे यंत्रही मांडलेले होते आणि बघ्यांची झुंबड उडत होती. त्याच प्रदर्शनात अमेरिकेतून आलेली एक वस्तू होती. हार्वर्ड वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून व्हिपल नावाच्या फोटोग्राफरने घेतलेले चंद्राचे छायाचित्र, चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटवलेले. वॉरनने ते पाहिले आणि त्याच्या मनाने घेतले. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेवर फोटो घेण्याची कलोडियनची पद्धत जाहीर केली होती. ती पत्र्यापेक्षा पुष्कळ अधिक प्रकाशसंवेदी होती. दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून १८५२ च्या अखेरीस त्याने काम सुरू केले.

ही ओली पद्धत म्हणजे काय प्रकरण होते, ते आजच्या बटण दाबणाऱ्या पिढीला कळणे कठीण आहे. ईथर आणि मद्यार्कात विरघळवलेल्या स्फोटक कापसाचा चिकट द्राव काचेवर ओतायचा आणि काच हलवत तो सगळीकडे सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या हौदात बुडवायची. ती निथळत असतानाच दुर्बिणीला लावायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की संपले! या साऱ्याला मोजकीच मिनिटे मिळत. इंग्लंडच्या हिवाळी रात्री, उघड्यावर, चांदीच्या क्षाराने काळी पडलेली बोटे घेऊन हे करायचे. मध्येच ढग आला की सगळे पहिल्यापासून.

त्यातून चंद्र काही बसून राहत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो आभाळात सरकताना दिसतो. दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. फोटोला दहापासून तीस सेकंद लागत. वीस सेकंद धरले तर तेवढ्यात बिंब आपल्या रुंदीच्या सहाव्या हिश्शाइतके सरकणार, म्हणजे फोटोत सगळी फरफट. दुर्बिणीला चंद्रामागे नेणारी घड्याळी यंत्रणा वॉरनकडे तेव्हा नव्हती. त्याने केलेली युक्ती वाचताना आजही हसू येते आणि आदरही वाटतो. काच धरणारी चौकट त्याने सरकती केली. ओल्या, अर्धपारदर्शक थरातून चंद्राचे बिंब मागच्या बाजूनेही अंधूक दिसते. त्यातले एखादे विवर नजरेने पकडायचे आणि ते जागचे हलू नये म्हणून चौकट हाताने हळूहळू सरकवत राहायची. श्वास रोखून, पंधरा-वीस सेकंद! दुर्बिणीच्या तोंडाशी झाकण उघडायला-मिटायला दुसरे कुणी तरी उभे हवेच.

अशा रीतीने त्याला खरोखरच चांगले फोटो मिळाले. कलोडियनच्या काचेवर घेतलेले चंद्राचे पहिले उत्तम फोटो म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. आणि मग त्याने ते काम थांबवले.

हे थांबणे महत्त्वाचे आहे. हाताने चालवलेल्या चौकटीने आणखी पन्नास फोटो काढता आले असते आणि मित्रमंडळीत वाहवाही झाली असती. पण त्याच्यातल्या यंत्रज्ञाला कळून चुकले की आपल्या हातातच खोट आहे. हात कितीही स्थिर असला तरी तो हातच. योग्य यंत्र जुळेपर्यंत चंद्राच्या फोटोंचा नाद त्याने बाजूला ठेवला, तो सुमारे पाच वर्षे. हौसेच्या कामात इतका धीर सहसा पाहायला मिळत नाही. हौस म्हटली की आपल्याला आजच्या आज फळ हवे असते.

१८५७ साली त्याने बिऱ्हाड हलवले. लंडनच्या धुरात आकाश नीट दिसेना, म्हणून शहराच्या पश्चिमेला क्रॅनफर्ड या खेड्यात तो राहायला गेला. परदेशी गेलेल्या मुलांना भेटायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी या गावावरून विमानाने घिरटी घातली असेल, कारण क्रॅनफर्ड हे आताच्या हीथ्रो विमानतळाला लागूनच आहे. तिथे त्याने वेधशाळा बांधली आणि तिला जोडूनच अंधारी खोली ठेवली, म्हणजे ओली काच घेऊन बागेतून पळायला नको. दुर्बिणीला घड्याळी यंत्रणा बसली. इथेही एक मेख होती. ताऱ्यांमागे जाणारे घड्याळ चंद्राला चालत नाही, कारण चंद्र स्वतः पृथ्वीभोवती फिरत असल्याने ताऱ्यांच्या तुलनेत तासाला साधारण आपल्या रुंदीइतका मागे पडतो. शिवाय ही गती रोज सारखी नसते. म्हणून घड्याळाचा वेग चंद्राच्या त्या रात्रीच्या चालीप्रमाणे बदलता येईल अशी सोय करावी लागली.

त्याच्या जुन्या धातूच्या आरशाचा इथे एक अनपेक्षित फायदा झाला. भिंगाच्या दुर्बिणीत डोळ्याला दिसणारा प्रकाश जिथे एकवटतो, तिथे फोटोच्या काचेवर परिणाम करणारे निळे-जांभळे किरण एकवटत नाहीत. डोळ्याला स्पष्ट दिसलेले चित्र काचेवर पुसट येते. आरसा मात्र सगळ्या रंगांना एकाच ठिकाणी आणतो. त्यामुळे नजरेने साधलेली स्पष्टता त्याच्या काचेवर जशीच्या तशी उतरली. मूळ बिंब जेमतेम सव्वा इंचाच्या आतले, म्हणजे एखाद्या नाण्याएवढे. पण ते इतके रेखीव असे की तीन फुटांहून मोठे करून भिंतीवर लावता येई.

या फोटोंमधून त्याने जी गंमत साधली, ती घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोचली. त्या काळी इंग्लंडात स्टिरिओस्कोप नावाच्या खेळण्याचे वेड होते. किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिले, की दृश्य उठावदार, भरीव दिसते. जत्रेत अशी पेटी आपल्याकडच्या जुन्या लोकांनीही डोळ्याला लावली असेल. पण चंद्राचे असे दोन फोटो घ्यायचे कसे? तो इतका दूर की पृथ्वीवर चार पावले सरकून काहीच फरक पडणार नाही. वॉरनने चंद्राच्याच एका खोडीचा उपयोग केला. चंद्र आपल्याकडे कायम एकच बाजू करून असतो हे पुरते खरे नाही. तो किंचित मान हलवतो, कधी डावीकडे-उजवीकडे, कधी वर-खाली. म्हणूनच एका वेळी अर्धाच दिसणारा चंद्र सगळा हिशेब करता शेकडा ५९ इतका पाहायला मिळतो. वेगवेगळ्या वेळी, पण कला तीच असताना आणि मान वेगळी वळलेली असताना फोटो घेतले, तर त्यांची जोडी जमते. मात्र अशा दोन रात्री जुळून यायला महिनेच काय, वर्षेही लागू शकतात. आणि जुळून आल्या त्या रात्री लंडनवर ढग नकोत! जोडी जुळली की सपाट ताटलीसारखा चंद्र एकदम चेंडूसारखा गोल होऊन समोर येई. स्मिथ, बेक अँड बेक या दुकानाने त्या जोड्या विक्रीला काढल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे संध्याकाळी दिवाणखान्यात बसून चंद्राचा गोळा बघू लागली.

ग्रहांनी मात्र त्याला दाद दिली नाही. गुरू आणि शनी यांची बिंबे त्याने काचेवर उतरवली. पण त्याच्या दुर्बिणीत काचेवर पडणारा गुरू एक मिलिमीटरसुद्धा भरत नसे. खसखशीच्या दाण्यावर नक्षी शोधण्यासारखाच तो प्रकार. वातावरण सतत थरथरत असते. डोळा त्या थरथरीतून एखादा शांत क्षण टिपतो आणि मेंदू तेवढाच लक्षात ठेवतो. काच मात्र चांगले-वाईट सगळे एकावर एक साठवते आणि शेवटी हाती राहतो तो गोळाबेरीज धुरकटपणा. आजचे छांदिष्ट मिनिटभराचे चलच्चित्र घेतात, संगणक त्यातल्या हजारो चौकटींतून नितळ तेवढ्या निवडतो आणि एकमेकींवर रचतो. डोळा जे करत होता तेच यंत्राकडून करवून घेतले जाते. वॉरनकडे असले काही नव्हते. त्यामुळे ग्रहांच्या बाबतीत त्याची चित्रे त्याच्या फोटोंपेक्षा शेवटपर्यंत सरस राहिली.

तरीही तो काचेकडेच वळला. चित्र कितीही सुंदर असले तरी ती एका माणसाची साक्ष असते. त्याने काय पाहिले याला तोच जबाबदार. काचेवर पट्टी ठेवून तिऱ्हाइतालाही मोजमाप करता येते. पुढे १८७७ नंतर मंगळावरच्या 'कालव्यां'नी भल्याभल्या निरीक्षकांना कसे भुलवले, किती वर्षे ते कागदावर रेघा ओढत राहिले, हे आपण जाणतो. वॉरनचे हे वळण किती दूरदृष्टीचे होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

त्याची सत्त्वपरीक्षा झाली सूर्याच्या दारात. १८६० च्या १८ जुलैला स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. खग्रास अवस्थेत काळ्या चंद्राच्या कडेने तांबड्या ज्वाला दिसतात, हे आधीच्या ग्रहणांत अनेकांनी पाहिले होते. पण त्या कुणाच्या? सूर्याच्या, की चंद्राच्या? की नुसताच नजरेचा किंवा वातावरणाचा खेळ? पाहणाऱ्यांची चित्रे एकमेकांशी जुळत नव्हती. दोन शेजाऱ्यांनी काढलेल्या चित्रांतही ज्वाला वेगवेगळ्या ठिकाणी असत!

इंग्रज ज्योतिर्विदांची एक तुकडी सरकारने दिलेल्या जहाजातून स्पेनला निघाली. जहाजाचे नाव 'हिमालय'. वॉरनच्या सामानात क्यू येथील वेधशाळेची, खास सूर्याच्या फोटोंसाठी त्याच्याच देखरेखीखाली बनवलेली दुर्बीण होती, शिवाय काचा, औषधे आणि सुटे भाग जोडून उभी करायची अंधारी खोली. उत्तर स्पेनमधल्या रिवाबेयोसा या खेड्यात त्याने मुक्काम टाकला. आता धाकधूक अशी की पूर्ण सूर्याचा फोटो क्षणार्धात येतो, पण ग्रहणातला तो क्षीण प्रकाश मोठ्या केलेल्या बिंबातून काचेवर उमटेल की नाही, हे त्याला आधी करून बघता येण्यासारखे नव्हते. परीक्षा एकदाच, तीही तीनेक मिनिटांची. त्याने खग्रास अवस्थेत दोनच काचा लावल्या, प्रत्येकीला एक-एक मिनिट. काच लावा, थांबा, काढा, दुसरी लावा. आयुष्यात पुन्हा दिसेल न दिसेल असे दृश्य डोक्यावर होते.

दोन्ही काचा उमटल्या. दोन्हींवर ज्वाला होत्या, आणि त्यांच्यातला फरकच निर्णायक ठरला. चंद्र पुढे सरकला तशा एका बाजूच्या ज्वाला त्याच्याआड गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या अधिक उघड्या पडल्या. त्या चंद्राच्या असत्या तर चंद्राबरोबर सरकल्या असत्या. स्पेनच्याच पूर्व किनाऱ्याजवळ, कितीतरी लांब, फादर सेकी यांनी घेतलेल्या फोटोंवरही त्याच ज्वाला त्याच ठिकाणी होत्या. म्हणजे हा स्थानिक हवेचा खेळ नव्हता. ज्वाला सूर्याच्याच, हा निकाल लागला. आठ वर्षांनी, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात, त्या तप्त वायूच्या आहेत हेही कळले. ते पाहणाऱ्यांपैकी एक, विल्यम हर्शेलचा नातू जॉन, तेव्हा आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसला होता.

मानसन्मान पाठोपाठ आले. १८६२ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक, १८६४ साली रॉयल सोसायटीचे पदक, त्याच वर्षापासून दोन वर्षे अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद तर दोनदा. क्यूला त्या दुर्बिणीने सूर्याचे फोटो नियमाने घेतले जात होते आणि बाल्फर स्ट्युअर्ट व लोवी यांच्यासह वॉरन सूर्यावरचे डाग मोजत होता.

चंद्राच्या फोटोंत मात्र त्याला मागे टाकणारा निघाला. न्यूयॉर्कचा लुईस रदरफर्ड, व्यवसायाने वकील, म्हणजे पुन्हा एक हौशीच. त्याने १८६४ मध्ये फोटोच्या किरणांसाठीच घासलेले सव्वाअकरा इंची भिंग तयार करवले आणि पुढच्या वर्षी घेतलेल्या त्याच्या चंद्रापुढे क्रॅनफर्डचा चंद्र फिका पडला. तिकडे गुरुबंधू नॅस्मिथने तर वेगळीच वाट धरली. दुर्बिणीतून दिसते तेवढे फोटोत येत नाही, म्हणून त्याने आपल्या रेखाटनांवरून विवरांचे आणि डोंगरांचे प्लॅस्टरचे नमुने केले, त्यांवर तिरपे ऊन घेतले आणि त्यांचेच फोटो काढून १८७४ साली कार्पेंटरसह चंद्रावरचे देखणे पुस्तक काढले. ती चित्रे पाहताना भुरळ पडते यात शंका नाही. पण ती शेवटी नॅस्मिथच्या नजरेचीच चित्रे. त्यातली विवरे मोजून चंद्राबद्दल नवे काही कळणार नव्हते. या दोन मित्रांत कोण बरोबर, असे विचारले तर दिवाणखान्यापुरता नॅस्मिथ, एवढेच मी म्हणेन.

१८७३ साली वॉरनने आकाशनिरीक्षणाचा संसार आवरला. क्रॅनफर्ड सोडून तो लंडनला परतला. वीस वर्षे जिच्याशी रात्री जागवल्या ती तेरा इंची दुर्बीण त्याने विकली नाही, अडगळीतही टाकली नाही. आरसा घासण्याच्या यंत्रासकट ऑक्सफर्ड विद्यापीठाला देऊन टाकली. तिथे चार्ल्स प्रिचर्ड हे साठी ओलांडलेले प्राध्यापक नवी वेधशाळा उभारत होते. त्यांनी या दुर्बिणीने चंद्राचे फोटो घेतले आणि त्यांवर मोजमापे करून चंद्राच्या मान हलवण्याचाच अभ्यास केला. दिवाणखान्यातल्या खेळण्यासाठी वापरलेली खोडी अशी शास्त्राच्या वहीत गेली.

वॉरन मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. ह्यूगो म्यूलर या सहकाऱ्याबरोबर त्याने सिल्व्हर क्लोराइडच्या विजेच्या घटांची माळ लावायला घेतली, ती अकरा हजारांच्या वर गेली. विरळ वायूंतून वीज सोडली की काय होते, याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालले. १८८७ मध्ये पॅरिसला जमलेल्या ज्योतिर्विदांनी साऱ्या आकाशाचा फोटोंनी नकाशा करायचे ठरवले, तेव्हा ऑक्सफर्डच्या वाट्याच्या दुर्बिणीचा खर्च या तिकीटवाल्यानेच उचलला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९ एप्रिल १८८९ रोजी, न्यूमोनियाने तो गेला.

त्याच्या नावाचे विवर चंद्रावर आहे. व्यास सुमारे १३५ किलोमीटर. मुंबईपासून पुण्यापर्यंत सरळ रेघ मारली तर ती त्यात मावेल. पाहायचे असेल तर शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर गाठावी, किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन रात्री, कारण तेव्हाच तिथे ऊन तिरपे असते. ईशान्येच्या कडेजवळ एन्डिमियन हे काळसर तळाचे ठसठशीत विवर लहान दुर्बिणीतही सापडते. त्याच्या जरा उत्तरेला झिजलेल्या, मोडक्या कडांचे मोठे मैदान दिसेल, तेच डे ला रू. नेमके कडेला असल्यामुळे चंद्राने मान एका बाजूला वळवली की ते ऐसपैस उघडते आणि दुसऱ्या बाजूला वळवली की चिरमटून बारीक होते. एका महिन्यात फोटो नीट आला नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण लावावी लागते.